पवनचक्कीचा खर्जातला आवाज : शास्त्र, शेजार आणि हिशेब

महाराष्ट्रातील अनेक व्यापारी कुटुंबांच्या ताळेबंदात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका निराळ्या मालमत्तेची भर पडली. दुकान, गाळा, गोदाम, शेतजमीन, सोने या परिचित नोंदींच्या जोडीला ‘पवनचक्की’ ही नोंद आली. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारे, सांगली जिल्ह्यातील ढालगावचा परिसर, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल ही नावे वीजक्षेत्राशी संबंध नसलेल्या पेढ्यांवरही बोलली जाऊ लागली. त्यामागचे कारण उघड होते. १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. पुढे तो ८० टक्के झाला. २०१२ साली ही सवलत थांबली, २०१४ साली पुन्हा सुरू झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घसाऱ्याची मर्यादा ४० टक्क्यांवर आली. नफ्यावरील कर वाचावा, वीजविक्रीतून उत्पन्न यावे आणि कोळसा न जाळता वीज मिळावी, असा तिहेरी लाभ या गुंतवणुकीत दिसत होता.

या गुंतवणुकीच्या प्रकल्प अहवालात वाऱ्याचा वेग, विजेचा दर, कर्जाचे हप्ते, विमा, देखभाल या सर्वांचे रकाने असतात. मात्र ज्या घरांच्या जवळ ते यंत्र रात्रंदिवस फिरणार, त्या घरांतील माणसांच्या झोपेचा रकाना क्वचितच आढळतो. पवनचक्कीच्या आवाजाविषयी, विशेषतः तिच्या खर्जातल्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या आवाजाविषयी जगभर गेली चार दशके वाद सुरू आहे. एका बाजूला ‘या आवाजाने माणसे आजारी पडतात’ असे सांगणारे आहेत, तर दुसऱ्या बाजूला ‘हा सारा मनाचा खेळ आहे’ असे म्हणणारे आहेत. दोन्ही बाजूंचे दावे आणि त्यांचे पुरावे एकेक करून तपासले, तर चित्र बरेच स्पष्ट होते.

आवाज कोठून येतो?

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाची कंपने. एका सेकंदात जितकी कंपने होतात, तितकी हर्ट्झ त्याची वारंवारता. साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ ही मानवी कानाची कक्षा मानली जाते. २० हर्ट्झखालील ध्वनीला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. २० पासून सुमारे २०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा कमी वारंवारतेचा समजला जातो. ट्रान्सफॉर्मरची घूं घूं, दूर उभ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर, वरातीतल्या डीजेचा छातीत जाणवणारा ठोका हे सारे या पट्ट्यातले आवाज आहेत.

पवनचक्कीचे आवाज मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला गिअरबॉक्स, जनित्र आणि पंखे यांचा यांत्रिक आवाज. नव्या यंत्रांत तो बराच कमी झाला आहे. दुसरा पात्यांनी हवा कापताना होणारा आवाज, आणि आज तोच प्रधान आहे. मोठ्या यंत्राच्या पात्याचे टोक सेकंदाला ८० मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगाने फिरते. दुरून पाहणाऱ्याला पाती संथ वाटतात, पण टोकाशी हवेचा मोठा कल्लोळ चाललेला असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तीन पात्यांचे यंत्र मिनिटाला १५ फेरे घेत असेल, तर मिनिटाला ४५ वेळा एखादे पाते मनोऱ्यासमोरून जाते. त्यामुळे ऐकणाऱ्याला साधारण सव्वा सेकंदाला एक ‘सूं’ असा हेलकावा जाणवतो. हा हेलकावा सेकंदाला एकाहून कमी वेळा येतो, म्हणून तो अवश्राव्य ध्वनी आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जो आवाज कमी-जास्त होतो तो काहीशे हर्ट्झचा, कानाला नीट ऐकू येणारा असतो. त्याची लय तेवढी संथ असते. या चढउतारामुळेच तो रस्त्यावरच्या सलग आवाजापेक्षा अधिक लक्ष वेधून घेतो. सलग आवाजाला कान सरावतो. लय धरून येणाऱ्या आवाजाची मात्र मन नकळत वाट पाहू लागते, आणि झोपेच्या वेळी हीच गोष्ट त्रासाची ठरते.

बून गावचा धडा

पवनचक्कीच्या कमी वारंवारतेच्या आवाजाची पहिली मोठी तक्रार अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातून आली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या ऊर्जा विभागासाठी ‘नासा’ने मोठ्या पवनचक्क्यांचे प्रयोग हाती घेतले होते. त्यांपैकी ‘मॉड-१’ हे २ मेगावॅटचे यंत्र १९७९ मध्ये बून गावाजवळच्या हॉवर्ड्स नॉब या डोंगरावर उभे राहिले. त्याला दोनच पाती होती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ६१ मीटर होता.

यंत्र सुरू झाल्यानंतर आसपासच्या दरीतील काही कुटुंबांनी तक्रारी केल्या. घरात धप् धप् असे ठोके जाणवतात, खिडक्या थरथरतात, आणि हा त्रास अंगणापेक्षा घरात अधिक होतो, असे त्यांचे म्हणणे होते. तीन किलोमीटरच्या परिघातील सुमारे हजार कुटुंबांपैकी तक्रार करणारी कुटुंबे डझनभरच होती. संख्या अल्प म्हणून ती दुर्लक्षित झाली नाहीत, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. सोलर एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूटमधील नील केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी मोजमापे घेतली.

दोष यंत्राच्या रचनेत सापडला. या यंत्राची पाती मनोऱ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे वारा मनोरा ओलांडून जेथे पोहोचतो तेथे होती. मनोऱ्याच्या आडोशाने वारा तुटक होई. प्रत्येक पाते त्या तुटक वाऱ्यातून जाताना एक धक्का निर्माण करी. हे धक्के कमी वारंवारतेचे असल्याने दूरवर जात आणि घरांच्या भिंती-छपरांना कंप देत. मिनिटाला ३५ फेऱ्यांची गती २३ वर आणून त्रास कमी करण्याचा प्रयत्न झाला. पुढे १९८३ मध्ये ते यंत्रच उतरवण्यात आले.

आज दिसणाऱ्या बहुतेक सर्व मोठ्या पवनचक्क्यांची पाती मनोऱ्याच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेला असतात. त्यामुळे बूनसारखे तीव्र ठोके आता निर्माण होत नाहीत. त्या डझनभर कुटुंबांच्या तक्रारीतून दोषी रचना कोणती हे शास्त्रीय मोजमापांनी सिद्ध झाले.

रात्र पडली की आवाज का वाढतो?

पवनचक्कीशेजारी राहणारे लोक अनेकदा सांगतात की दिवसा विशेष काही जाणवत नाही, त्रास रात्रीचा असतो. पाहणीसाठी आलेले अधिकारी दिवसा येतात, काही ऐकू आले नाही असे लिहून जातात आणि तक्रारदार खोटा ठरतो. या विसंगतीचा उलगडा नेदरलँड्समधील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स फान डेन बर्ग यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने केला.

जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या सीमेवरील ऱ्हेडे येथे १७ यंत्रांचा ३० मेगावॅटचा प्रकल्प होता. ५०० मीटर व त्यापुढे राहणाऱ्या लोकांच्या तीव्र तक्रारी होत्या आणि १.९ किलोमीटरवरच्या रहिवाशांनाही आवाज खटकत होता. फान डेन बर्ग यांनी रात्रीची मोजमापे घेतली. दिवसा जमीन तापते, हवा वर-खाली घुसळली जाते आणि खालच्या व वरच्या वाऱ्याच्या वेगात फार अंतर राहत नाही. सूर्यास्तानंतर जमीन थंड होते, हवेचे थर स्थिरावतात. मग अंगणात पानही हलत नाही, पण शंभर मीटर उंचीवर वारा जोरात वाहत असतो. त्या उंचीवरचा वारा अपेक्षेच्या २.६ पटींपर्यंत अधिक असू शकतो आणि जमिनीलगतचा वारा दिवसाइतकाच असला तरी रात्री आवाज १५ डेसिबलपर्यंत जास्त भरू शकतो, असे त्यांना आढळले.

परवानगीसाठी केलेली गणिते जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा वारा धरून केलेली होती. गणितात वारा कमी, म्हणून आवाज कमी. प्रत्यक्षात वर वारा जास्त, म्हणून आवाज जास्त. शिवाय रात्री झाडांची सळसळ आणि रस्त्यावरची वर्दळ थांबलेली असते, त्यामुळे यंत्राचा आवाज झाकायला दुसरा आवाजही नसतो. रहिवासी खरे बोलत होते, चूक अहवालाच्या गृहीतकात होती. हिशेब अचूक पण मूळ नोंदच चुकीची, असा हा प्रकार होता.

मोजपट्टीची मर्यादा

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट, जरी कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. कायद्यातील मर्यादा बहुतेक ठिकाणी ‘डेसिबल-ए’ या मापात दिलेल्या असतात. मानवी कान खर्जातल्या आवाजांना कमी संवेदनशील असतो, म्हणून या मापात कमी वारंवारतेच्या ध्वनीला मोठी वजावट दिली जाते. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ५० हर्ट्झला ३०, २० हर्ट्झला ५० आणि १० हर्ट्झला ७० डेसिबल वजा होतात.

ही वजावट अन्यायाची नाही, तिला कानाच्या स्वभावाचा आधार आहे. २० हर्ट्झचा ध्वनी ऐकू येण्यासाठी जवळजवळ ७८ डेसिबलचा दाब लागतो, तर १,००० हर्ट्झचा ध्वनी दोन-तीन डेसिबललाही ऐकू येतो. परंतु खर्जातल्या ध्वनीचा एक विशेष आहे. तो एकदा ऐकू येऊ लागला, की थोडीशी वाढही कानाला मोठी वाटते. ‘जेमतेम ऐकू येते’ आणि ‘असह्य होते’ यांत अंतर फार थोडे असते.

घराची रचनाही येथे महत्त्वाची ठरते. भिंती, दारे आणि खिडक्या बारीक पट्टीतले आवाज अडवतात, खर्जातले मात्र बरेचसे आत येऊ देतात. ५० हर्ट्झच्या ध्वनीची लांबी सुमारे ६.८ मीटर असते, म्हणजे तिचा निम्मा भाग साधारण ११ फुटांच्या खोलीत नेमका बसतो. अशा खोलीत तो ध्वनी भिंतींवरून परतून काही ठिकाणी वाढतो, काही ठिकाणी मावळतो. पलंग भिंतीलगत असलेल्याला घरघर ऐकू येते आणि खोलीच्या मध्यभागी उभ्या पाहुण्याला काहीच ऐकू येत नाही. घरातल्या घरात सासू-सुनेचे, बाप-लेकाचे यावर एकमत होत नाही, त्याचे कारण कल्पनाशक्तीत शोधण्यापूर्वी भौतिकशास्त्रात शोधावे.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शनात सुचवले होते की, खर्जाला अधिक स्थान देणारे ‘डेसिबल-सी’ आणि नेहमीचे ‘डेसिबल-ए’ यांत १० पेक्षा जास्त फरक पडला, तर वारंवारतेनुसार पृथक्करण करावे. डेन्मार्कने २०१२ पासून पवनचक्क्यांच्या १० ते १६० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाजासाठी घराच्या आतील स्वतंत्र मर्यादा लागू केली. ती २० डेसिबल आहे.

न ऐकू येणारा ध्वनी आणि आजारांची भीती

२००९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर नीना पिअरपाँट यांनी ‘विंड टर्बाइन सिंड्रोम’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. १० कुटुंबांतील ३८ व्यक्तींच्या माहितीवर ते आधारलेले होते. डोकेदुखी, भोवळ, कानात आवाज, मळमळ, धडधड अशी लक्षणे त्यांनी पवनचक्कीच्या कमी वारंवारतेच्या ध्वनीशी जोडली. पुस्तकाने जगभर खळबळ उडाली. परंतु नमुना लहान होता, त्रास सांगणारी कुटुंबेच निवडलेली होती आणि तुलनेसाठी पवनचक्कीपासून दूर राहणारा असंबंधित गट नव्हता. फक्त थकलेल्या कर्जदारांच्या फाइली पाहून सारी कर्जे बुडतात असा निष्कर्ष काढण्यासारखे ते होते.

पुढील काळात या दाव्याची काटेकोर परीक्षा झाली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या फिओना क्रायटन आणि सहकाऱ्यांनी ५४ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना पवनचक्कीचा ध्वनी घातक असल्याचे सांगणारी दृश्ये दाखवली, उरलेल्यांना तो निरुपद्रवी असल्याचे सांगणारी. नंतर प्रत्येकाला काही वेळ खरा अवश्राव्य ध्वनी आणि काही वेळ नुसती शांतता दिली. भीती घातलेल्या गटात लक्षणे वाढली, आणि ती खऱ्या ध्वनीत जशी वाढली तशीच शांततेतही वाढली.

फिनलंडमध्ये शासनाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रकल्पांजवळच्या घरांत दीर्घकाळ ध्वनिमुद्रण करण्यात आले. पवनचक्कीमुळे त्रास होतो असे सांगणाऱ्या व्यक्तींनाही प्रयोगात घेतले. ध्वनीमध्ये अवश्राव्य भाग आहे की नाही, हे त्यांना ओळखता आले नाही आणि शरीराच्या प्रतिसादातही फरक दिसला नाही. सिडनीच्या वूलकॉक इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आवाजाला संवेदनशील असलेल्या ३७ निरोगी व्यक्तींना सलग ७२ तास पवनचक्कीसारख्या अवश्राव्य ध्वनीत ठेवले. झोप, रक्तदाब, मनःस्थिती यांपैकी कशावरही त्याचा दुष्परिणाम आढळला नाही.

जर्मनीतील एक प्रसंग हिशेबनीसांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. तेथील भूविज्ञान व नैसर्गिक संसाधने यांची केंद्रीय संस्था २००९ पासून पवनचक्क्यांच्या अवश्राव्य ध्वनीचे जे आकडे देत होती, त्यांवर विरोधकांचा मोठा भर होता. बायरॉइट विद्यापीठातील श्टेफान होल्त्सहॉय यांनी त्या आकड्यांवर सातत्याने शंका घेतली. अखेर २०२१ मध्ये संस्थेने मान्य केले की गणनेतील चुकीमुळे आकडे ३६ डेसिबलने फुगलेले होते. ध्वनीच्या शक्तीत हा फरक सुमारे ४,००० पट होतो. देशाचे तत्कालीन अर्थमंत्री पेटर आल्टमायर यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. एका आकड्यातील चूक बारा वर्षे लोकमत घडवत राहिली.

या सर्वांचा निष्कर्ष असा, की घराजवळ आढळणाऱ्या पातळीचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी थेट आजार निर्माण करतो, यास आजवर भक्कम पुरावा मिळालेला नाही. मात्र याचा अर्थ त्रास सांगणारी माणसे लबाड आहेत असा होत नाही. भीतीने आलेली डोकेदुखीही दुखतेच. आणि ज्याला ‘न ऐकू येणारा’ ध्वनी समजून दोष दिला जातो, तो बहुधा ऐकू येणारा, रात्रीचा, लयबद्ध आवाजच असतो. त्याचे खाते अगदी वेगळे आहे.

ऐकू येणारा आवाज आणि झोप

कॅनडाच्या आरोग्य विभागाने ऑन्टॅरिओ आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या दोन प्रांतांतील १,२३८ घरांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झाले. घराबाहेरील आवाज ४६ डेसिबलपर्यंत होता. मनगटावर यंत्र बांधून मोजलेली झोप आणि लोकांनी सांगितलेले आजार यांचा आवाजाच्या पातळीशी संबंध आढळला नाही. पण आवाज वाढत गेला तसा त्रासलेल्यांचा वाटा निश्चितपणे वाढला. आणि अतिशय त्रासलेल्या व्यक्तींत रक्तदाब व ताणाच्या मोजमापांशी संबंध दिसला. दोन्ही बाजूंनी या अहवालातील आपापल्या सोयीची ओळ उचलली.

डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय आरोग्य नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मधुमेह यांच्याशी पवनचक्कीच्या आवाजाचा सुसंगत संबंध मिळाला नाही. परंतु ६५ वर्षांपुढील व्यक्तींत, जेथे घराबाहेर रात्रीचा आवाज ४२ डेसिबल वा अधिक होता, तेथे झोपेची आणि नैराश्यावरची औषधे घेण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. घरातील ज्येष्ठांची झोप आधीच सावध असते. ती मोडली की पुन्हा लागत नाही, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये पवनचक्कीचा दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून सरासरी आवाज ४५ डेसिबलखाली ठेवावा, अशी सशर्त शिफारस केली. केवळ रात्रीसाठी वेगळी मर्यादा सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नसल्याचेही तिने नमूद केले.

लाभ एकाचा, जागरण दुसऱ्याचे

या विषयातील सर्वांत अंतर्मुख करणारी माहिती नेदरलँड्समधील एका पाहणीतून पुढे आली. एया पेडरसन, फान डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी ७२५ रहिवाशांची उत्तरे अभ्यासून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांना पवनचक्कीपासून आर्थिक लाभ होत होता. हे लोक यंत्राच्या अधिक जवळ राहत होते, त्यांच्या घरी आवाज अधिक होता, आणि तरी त्यांना त्रास जवळजवळ नव्हता. तेवढाच किंवा त्याहून कमी आवाज लाभ नसलेल्या शेजाऱ्याला मात्र छळत होता.

याचा एक अर्थ काही जण असा लावतात की, पैसे दिले की आवाज थांबतो. तो अर्थ उथळ आहे. मोबदला मिळालेल्या माणसाचे कान बदलत नाहीत, पण त्या आवाजाचा त्याच्यालेखी अर्थ बदलतो. ज्याला विचारून यंत्र उभे राहिले, त्याला तो आपल्या घरच्या गिरणीचा आवाज वाटतो. ज्याला न विचारता उभे राहिले, त्याच्या कानी तोच आवाज रोज रात्री झालेला अवमान होऊन पडतो. डेन्मार्कने हे ओळखून २००९ पासून पवनचक्कीमुळे घराची किंमत घटल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावी आणि प्रकल्पाचे किमान २० टक्के भाग ४.५ किलोमीटरच्या आतील रहिवाशांना देऊ करावेत, अशी तरतूद केली. २०२० मध्ये भागांची अट बदलून शेजाऱ्यांना वार्षिक लाभ देण्याची पद्धत आली. शेजारी हाही या व्यवहारातला एक पक्ष आहे, हे तत्त्व दोन्हींत कायम राहिले.

जेथे हे तत्त्व पाळले जात नाही, तेथे प्रकरण न्यायालयात जाते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये बाल्ड हिल्स या ५२ यंत्रांच्या प्रकल्पाविरुद्ध दोन शेजाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. निकालाचा आधार अवश्राव्य ध्वनी नव्हता. रात्री मधूनमधून होणारा, झोप मोडणारा, ऐकू येणारा आवाज हा उपद्रव ठरला. पवनऊर्जा समाजोपयोगी आहे हे न्यायालयाला मान्य होते. परंतु वीज निर्माण करणे आणि शेजाऱ्याला रात्री झोपू देणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता आल्या पाहिजेत, असा त्या निर्णयाचा रोख होता. एकूण २,६०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई आणि रात्रीचा उपद्रव थांबवण्याचा आदेश झाला.

आपल्याकडील प्रश्न

मार्च २०२५ अखेर भारताची पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॅटवर पोहोचली आणि महाराष्ट्र त्यातील एक प्रमुख राज्य आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मर्यादा ४५ डेसिबल-ए आहे. कमी वारंवारतेसाठी त्यात वेगळे माप नाही. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आवाजाच्या कारणास्तव यंत्र आणि घर यांत ५०० मीटर अंतराची अट घालण्यात आली. मात्र २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत पवनप्रकल्पांचा समावेश नाही. त्यामुळे त्या अधिसूचनेखाली होणारी जनसुनावणी येथे होत नाही आणि गावकऱ्यांची हरकत आधी नोंदली जाण्याचा एक मोठा मार्ग बंद राहतो.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा आहे. साताऱ्याच्या पठारांवर सुरुवातीस बसलेली यंत्रे काही शे किलोवॅटची आणि कमी उंचीची होती. त्यांचे आयुष्य संपत आले आहे. जुनी लहान यंत्रे काढून मोठी बसवण्याचे केंद्राचे धोरण २०१६ मध्ये आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुधारले गेले. नवी यंत्रे २ ते ३ मेगावॅटची, शंभर मीटरहून उंच मनोऱ्यांची आहेत. डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठातील हेन्रिक म्युलर आणि ख्रिश्चन पेडरसन यांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की यंत्र मोठे झाले की त्याच्या आवाजाचा कल खर्जाकडे सरकतो. ज्या कुटुंबांकडे जुन्या पवनचक्क्या आहेत, त्यांच्यापुढे लवकरच करारपत्रे येतील. सही करण्यापूर्वी पुढील बाबी तपासणे व्यवहाराला आणि शेजारधर्माला धरून होईल.

१. नव्या यंत्रापासून सर्वांत जवळचे वस्तीचे घर किती अंतरावर आहे, हे नकाशावर न मानता प्रत्यक्ष मोजून घ्यावे. वाड्या, वस्त्या आणि शेतातील घरे नकाशात अनेकदा नसतात.

२. आवाजाचा अंदाज रात्रीच्या, मनोऱ्याच्या उंचीवरील वाऱ्यावरून काढला आहे काय, हे विचारावे. ऱ्हेडेची चूक पुन्हा होऊ नये.

३. यंत्र बसण्यापूर्वीच्या रात्रीच्या आवाजाची नोंद करून ठेवावी. पुढे वाद झाल्यास ती दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडते.

४. पात्यांच्या कडेला आवाज कमी करणारी दातेरी पट्टी आहे काय, आणि रात्री कमी आवाजात चालवण्याची सोय आहे काय, हे करारात लिहून घ्यावे. त्या सोयीने वीज थोडी घटते. ती घट पहिल्याच दिवशी प्रकल्पाच्या आकडेमोडीत धरावी.

५. तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत रात्रीचे मोजमाप होईल, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावे.

पवनचक्कीजवळ राहणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. समाजमाध्यमांवरील भयकथांवर विसंबून घरात भीती पसरवू नये. त्रास होत असेल तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि झोप किती वेळा मोडली, याची रोज नोंद ठेवावी. महिनाभराची अशी वही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक प्रभावी ठरते. भोवळ, धडधड किंवा सततची डोकेदुखी असल्यास ती पवनचक्कीच्या माथी मारून स्वस्थ न बसता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण त्यामागे दुसराच आजार असू शकतो.

कोळशाच्या धुराने होणारी हानी पवनचक्कीच्या आवाजाहून कितीतरी मोठी आहे, यात शंका नाही. म्हणून पवनऊर्जा हवीच. परंतु शहरातील पेढीला करसवलत, उद्योगाला वीज आणि पठारावरच्या म्हाताऱ्या माणसाला जागरण, अशी वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही. काही मीटर अधिक अंतर आणि रात्रीचे काही तास कमी गती, एवढ्या खर्चात ती बदलता येते. तो खर्च प्रकल्पाच्या भांडवलातच धरला, तर पुढे तो व्याजासकट न्यायालयात भरावा लागत नाही.